रिकाम्या मुलखातला ड्रायव्हर

परवा गाडी चालवता चालवता मी घरातला कॉम्प्युटर बंद पाडला. उतारावर एक वळण अंगावर आलं, मी कचकन ब्रेक दाबला, आणि तो दाबला पायाने. टेबलाखाली माझ्या पायाशी ब्रेक नव्हता, एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण होतं. पडदा काळा झाला. डोंगर, धुकं, माझी पिवळी गाडी आणि सकाळपासूनचा सगळा प्रवास एका टिचकीसरशी गेला. "काय झालं हो?" स्वयंपाकघरातून सुरेखाने विचारलं. म्हटलं, "गाडी बंद पडली." "कुठे?" "घाटात." आमचं घर धुळ्यात, देवपुरात, दुसऱ्या मजल्यावर. सुरेखा बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, पिठाने भरलेले हात तसेच वर धरून दारात आली, माझ्याकडे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, आणि म्हणाली, "धक्का मारायला येऊ का?"

हा खेळ आमच्या निखिलने घालून दिला. तो पुण्याला नोकरीला गेल्यापासून त्याचा जुना कॉम्प्युटर पलंगपोसाचा तुकडा पांघरून बसलेला होता. मागे आला तेव्हा म्हणाला, "बाबा, यात शर्यत नाही, मारामारी नाही, हरणं नाही. नुसतं फिरायचं. तुम्हाला जमेल." हे 'तुम्हाला जमेल' तो ज्या सुरात म्हणाला, तो सूर मी माझ्या वडिलांकडून पुरेसा ऐकलेला आहे, त्यामुळे लागला नाही. पण त्याला काय ठाऊक, त्याचा बाप अशाच एका रिकाम्या मुलखात वर्षभर ड्रायव्हर होता.

तेव्हा आम्ही भडगावला राहायचो. मी बारावीत केमिस्ट्रीला गचकलो होतो आणि बरोबरीची पोरं नाशिकला, पुण्याला निघून गेली होती. बसस्टँडजवळ खताच्या दुकानाच्या वर एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथे मला शिकवायला ठेवलं. शिकवायला म्हणजे सकाळी कुलूप काढायला, झाडू मारायला आणि दुपारी कोणी आलंच तर त्याला माउस कसा धरायचा ते दाखवायला. दुपारी कोणी येत नसे. खालून युरियाचा वास यायचा, पंखा फिरला तर फिरायचा, आणि मी एकटा. क्लासच्या सरांकडे एक इंग्रजी मासिक यायचं, त्याच्यासोबत सीडी असायची. त्यातल्याच एका सीडीत तो खेळ होता. नाव कुठल्या तरी थंड देशाच्या भाषेतलं, मला कधी धड वाचता आलं नाही, आणि म्हणूनच पुढे कधी शोधताही आला नाही. कोण्या एका माणसाने एकट्याने घरी बसून तो बनवला होता. सुरुवातीला त्याचा फोटो यायचा, शेजारी कुत्रं, आणि खाली आईचे आभार मानलेले.

त्या खेळात एक हिरवी, खोक्यासारखी गाडी होती. शिलाई मशीनसारखा आवाज करायची. रस्ते लांबच लांब, दोन्हीकडे टेकड्या, मधूनच मेंढ्या, पेट्रोल पंप होता पण पंपावर माणूस नाही. वाटेल तिकडे जा, कोणी अडवत नाही. लांब लांब एखादं घर लागायचं आणि दारात कोणी तरी उभं असायचं. त्या माणसाला चेहरा एकच काढता येत असावा, कारण बाई असो, म्हातारा असो, तोंड तेच. कपड्यांचा रंग तेवढा निराळा. दारापुढे गाडी थांबवून हॉर्न वाजवायचा. एकदा वाजवून नाही आलं तर दुसऱ्यांदा. मग ते माणूस येऊन मागे बसायचं आणि बोटाने दिशा दाखवायचं. तिथे नेऊन सोडलं की छोटीशी घंटा वाजायची. बक्षीस नाही, काही नाही, घंटा. आणि काही जणांचं बोट उठतच नसे. ते नुसते मागे बसून राहायचे. मला बरेच दिवस वाटलं की आपली सीडी खराब आहे.

ही सवय मला का लागली, ते तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, टाइमपास. आज वाटतं, कारण घरी होतं. त्याच वर्षी अक्काचं लग्न झालं होतं. अक्का माझ्याहून मोठी. ती गेली आणि आमच्या घरातला आवाजच गेला. भांडी घासतानाचं तिचं गुणगुणणं, ट्रान्झिस्टरची खरखर, मायशी होणारी रोजची तोंडातोंडी, सगळं. माय कळण्याच्या भाकरी अजून चौघांच्या अंदाजानेच थापायची, उरलेली गाईपुढे टाकायची आणि गाईशी बोलायची. माझ्याशी काय बोलायचं हे तिला सुचत नसावं. आम्ही तिघं शेवभाजीत भाकरी कुस्करून खायचो आणि फक्त बोटांचा आवाज यायचा.

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, काळी-पिवळी जीप होती, भडगाव-पाचोरा करायची. आत बसतात त्याहून जास्त माणसं तिला बाहेर लटकायची. तिचा हॉर्न तीन सुरांचा, आबांनी हौसेने बसवलेला. दुपारी जेवायला परतताना गिरणेच्या पुलावर गाडी चढली की आबा तो वाजवायचे, आणि घरात अक्का चुलीवर तवा ठेवायची. पुलावरून गाडी दारात येईपर्यंत तवा तापायचा, आबा पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत पहिली भाकरी फुगायची. लहानपणापासूनची ही रीत. अक्का गेल्यावर माय तवा ठेवायची, पण तिला हॉर्न ऐकू यायचा तो गाडी दारात आल्यावर. आबा पाटावर बसून वाट पाहायचे. एकदाही काही म्हणाले नाहीत. पुढे त्यांनी पुलावर हॉर्न वाजवणंच सोडून दिलं.

अक्काला दिलं होतं दोंडाईच्याला. नवरा सुरतेला मिलमध्ये, महिन्यातून एकदा यायचा. सासरे दिवसभर मिरचीच्या बाजारात. घरात अक्का आणि सासू. लग्नात एक घोटाळा झाला होता. पाव्हण्यांची एक गाडी बंद पडली म्हणून आबा स्वतःची जीप घेऊन त्यांना सोडायला धावले, आणि पाठवणीच्या वेळी व्याही-विहीण नमस्कारासाठी उभे, तर मुलीचा बाप जागेवर नाही. आबांच्या लेखी त्यांनी पाव्हण्यांची सोय केली. विहीणबाईंच्या लेखी तो अपमान झाला. त्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण दिवाळीला अक्काला पाठवलं नाही. आखाजी जवळ आली तेव्हा निरोप आला: रीतीने घ्यायला आलात तर धाडू.

आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणीचा सण. निंबाला झोके टांगतात, गावातल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, आणि जी येत नाही तिच्याबद्दल गाव वर्षभर बोलतं. बहिणीला आणायला भावाने जायचं. मायने सांजोऱ्यांचा रवा भाजून ठेवला, झोक्याचा दोर पाण्यात भिजवून वाळवला. आबा स्वतः जाऊन व्याह्यांच्या पाया पडायला तयार होते. पण नेमका त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ते ओट्यावर बसले आणि उरल्या डोळ्याने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बसने जाऊ नको म्हणाले, लेक जीपमध्ये बसून आली पाहिजे, गावाने पाहिलं पाहिजे.

माझं लायसन्स नुकतंच आलं होतं, हिंमत यायची होती. आबांनी मला गाडी शिकवली ती गिरणेच्या कोरड्या पात्रात, कारण तिथे धडकायला काही नाही. अख्ख्या पात्रात एक टरबुजाची वाडी होती. मी तिच्यातून गेलो. त्यानंतर आठवडाभर आमच्या घरी टरबूज होतं आणि आबा प्रत्येक फोडीबरोबर म्हणायचे, "पोऱ्या, गाडीले ब्रेक बी ऱ्हास." (आम्ही घरात अहिराणीच बोलायचो. माझ्या मुलाला आणि त्याच्या पुणेकर मित्रांना कळावं म्हणून इथे बरंचसं साध्या मराठीत लिहितोय. जिथे राहवलं नाही तिथे तसंच ठेवलंय.)

तर मी निघालो. पारोळ्यापर्यंत दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं की कोणी हिसकावून नेईल. पण रस्ता रिकामा होता, दोन्हीकडे नांगरून पडलेली काळी शेतं, लांबवर झाड नाही, आणि हळूहळू मला वाटायला लागलं की हा मुलूख आपण पाहिलेला आहे. मेंढ्यासुद्धा तशाच. मग फाट्या-फाट्यावर माणसं हात करायला लागली. गाडी काळी-पिवळी, आत रिकामी. माणूस हात करणारच. आबांनी सांगितलं होतं, कोणाला घेऊ नको. पण वर्षभराची सवय. दारात, झाडाखाली कोणी उभं दिसलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. लोक बसले, बोटाने दाखवलं, उतरले. पैसे द्यायला लागले तर मीच ओशाळलो. एका बाईने विचारलं, "कोठला ड्रायव्हर शे रे तू, भाडं नही लेस?" मला मजा वाटायला लागली होती, खोटं कशाला सांगू. कित्येक महिन्यांनी इतकी माणसं माझ्याशी बोलत होती.

दोंडाईच्यात शिरलो तेव्हा मागे एक म्हातारे बाबा तेवढे उरले होते, मांडीवर शेळीचं करडू. त्यांना स्टेशनला जायचं होतं. मी म्हटलं, बाबा, वाटेत बहिणीला घेतो आणि सोडतो. अक्काची गल्ली दुरूनच कळली, गच्च्यांवर मिरच्या पसरलेल्या, नाकात झोंबायला लागलं. दारापुढे गाडी उभी केली. दार अर्धं उघडं. आता उतरायचं, चपला काढायच्या, आत जाऊन पाया पडायचं, पाणी घ्यायचं, सगळ्यांची खुशाली विचारायची, जेवायचं, आणि मग हळूच विषय काढायचा. हे सगळं मायने मला पाठ करून दिलं होतं. मी हॉर्न वाजवला. तीन सुरांचा. कोणी आलं नाही. मी दुसऱ्यांदा वाजवला.

अक्काच्या सासूबाई बाहेर आल्या. उंच, सडसडीत बाई, डोक्यावरचा पदर डाव्या हाताने धरलेला. त्यांनी आधी गाडी पाहिली, मग मागचं करडू, मग मला.

"कोन शे रे? सवारी भराले उना का?"

मी तोंड उघडलं, पण मायने पाठ करून दिलेल्यातलं एक अक्षर आठवेना. म्हातारे बाबा शहाणे. त्यांनी करडू काखेत मारलं, "स्टेशन जवळच शे" म्हणाले आणि चालू लागले. सासूबाई म्हणाल्या, "बहीणले लेवाले उना अन् गल्लीमा हॉर्न वाजाडस? बाप बी तसा, पोऱ्या बी तसा." शेजारच्या दोन दारांतून माणसं डोकावली. मला आत बोलावलं ते त्यामुळेच. घरात बसायला दिलं, पाण्याचा तांब्या समोर आला, आणि मला स्पष्ट सांगण्यात आलं की आखाजीलाही काही जमायचं नाही. त्या ओरडल्या नाहीत. आज कापूस काय भावाने गेला सांगावं, तसं सांगितलं. मी तांब्याकडे पाहत होतो. मायचा झोका, रवा, आबांची हिरवी पट्टी, सगळं त्या तांब्याच्या तळाशी दिसत होतं.

मग वास आला. तापलेल्या, रिकाम्या तव्याचा. सासूबाई बोलता बोलता थांबल्या. घरातली जेवणं कधीच आटोपली होती, उष्टी ताटं अंगणात पडलेली मी पाहिली होती. "या येळले तवा कोनी ठेवा व?" त्यांनी आतल्या दाराकडे पाहून विचारलं. त्या उठून आत गेल्या. दारातून मला दिसलं ते एवढंच: चुलीपुढे अक्का, समोर परात, परातीत मळलेला पिठाचा गोळा, आणि ती त्या गोळ्याकडे असं पाहत होती, की तो कुठून आला हे तिलाही ठाऊक नसावं.

"हॉर्न वाजना, ऐकू आला," ती म्हणाली. "आबा पुलावर आले की तवा ठेवायचा असतो. हात आपोआप गेले. मला कळलंच नाही."

सासूबाई तिथेच उभ्या राहिल्या. तवा धूर सोडायला लागला तरी त्यांनी उतरवला नाही. मग खाली बसल्या, परात स्वतःकडे ओढली आणि भाकरी थापायला लागल्या. त्या घरात दुपारभर दोघीच असायच्या, आणि एकमेकींशी काय बोलायचं ते दोघींनाही माहीत नव्हतं, हे माझ्यासारख्या बावळटालासुद्धा त्या क्षणी समजलं. भाकरी फुगली. त्यांनी ती ताटलीत घातली, वर तेल आणि ठेचा, आणि ताटली माझ्यापुढे आणून ठेवली.

"भाकर खा. मंग बहीणले लई जा. अन् पुढला सालले दारमा उतर, पानी पे, मंग बोल."

मी खाल्ली. आयुष्यात इतकी तिखट भाकरी मी खाल्लेली नाही. डोळ्यांतून पाणी आलं त्याला कारण ठेचा होता, असं मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगतो.

अक्का माझ्याशेजारी पुढे बसली नाही. मागे बसली, पिशवी मांडीवर घेऊन. गाडी गावाबाहेर पडली, चिमठाणं मागे पडलं, तरी ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, हॉर्नमुळे चिडलीय. आरशात पाहिलं तर ती बाहेर पाहत होती. दोन्हीकडे तेच काळं रान. मला राहवेना. म्हणून मी तिला खेळाबद्दल सांगायला लागलो. हिरवी गाडी, मेंढ्या, एकाच तोंडाची माणसं, घंटा. ती ऐकतेय की नाही कळत नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "आणि त्यांना सोडतोस कुठे?"

"ते बोट दाखवतात तिथे."

"नाहीच दाखवलं तर?"

"काही जण नाही दाखवत. मग फिरत राहायचं."

ती म्हणाली, "भाऊ, घरी गेले की माय विचारेल, सुखात आहेस ना. गल्ली विचारेल, पोरी विचारतील. मला हो म्हणावं लागेल, ते मी म्हणेन. पण जरा वेळ कोणी काही विचारू नये असं वाटतंय." आणि थांबून, "फिर ना जरा."

मी धुळ्याचा रस्ता सोडला. समोर आला त्या रस्त्याला गाडी घातली, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या. कुठल्या गावांवरून गेलो ते आज सांगता येणार नाही. लोक हात करत होते. मी थांबलो नाही, जागा भरलेली होती. एका ठिकाणी बाभळीखाली गाडी उभी केली. अक्का उतरली, चार पावलं रानात गेली आणि नुसती उभी राहिली. वाऱ्याशिवाय काही नव्हतं. मी मागून पाहत होतो आणि मला पहिल्यांदा कळलं, की माझी सीडी खराब नव्हती. त्या थंड देशातल्या माणसाने ती बोट न दाखवणारी माणसं मुद्दाम घातली होती. त्याच्याही घरातून कोणी तरी गेलं असणार.

दिवेलागणीला आम्ही गिरणेच्या पुलावर चढलो. मी हॉर्न वाजवला. दारात माय उभी होती, "कथा गयथात रे दोन्ही?" (कुठे गेला होता रे दोघं?) म्हणत रडत होती आणि ओरडतही होती. आबा ओट्यावरून उठले, पट्टीचा डोळा आणि उघडा डोळा दोन्ही आमच्याकडे करून म्हणाले, "तवा ठेवा." दुसऱ्या दिवशी गल्लीभर पोरी झोक्यावर होत्या. अक्काचा झोका सगळ्यात उंच जात होता, आणि कोणी विचारलं की ती वरूनच ओरडून 'हो' म्हणत होती.

ते खोटं होतं का, मला माहीत नाही. पुढे तिचं आणि सासूबाईंचं बरं जुळलं. नवरा सुरतेहून परतला, त्याने दुकान घातलं, मुलं झाली. सासूबाई शेवटी अंथरुणावर होत्या तेव्हा त्यांना अक्काच्याच हातची भाकरी लागायची. आता त्या नाहीत. माय-आबाही नाहीत. भडगावचं घर विकलं, जीप त्याआधीच भंगारात गेली. अक्काची मुलं सुरतेला. मी धुळ्यात, ती दोंडाईच्यात, मधे म्हटलं तर दुपारचा रस्ता. आखाजीला मी सकाळी फोन करतो. ती विचारते, जेवण झालं का, मी म्हणतो, झालं. मग ती म्हणते, आता कुठे यायचं रे, माहेर राहिलंय कुठे. मी म्हणतो, खरं आहे. आणि फोन ठेवतो. अशी बरीच वर्षं गेली.

परवा कॉम्प्युटर पुन्हा सुरू व्हायला वेळ लागत होता, म्हणून मी सुरेखाला हे सगळं सांगितलं. इतकी वर्षं संसार झाला, पण तव्याची गोष्ट तिने ऐकलेली नव्हती. ती पिठाचे हात वाळेपर्यंत दाराला टेकून ऐकत राहिली. शेवटी पडद्यावर ती पिवळी गाडी पुन्हा पहिल्याच ठिकाणी येऊन उभी राहिली. समोर रस्ता, दोन्हीकडे टेकड्या, माणूस नाही. मी म्हटलं, "आता परत सुरुवातीपासून चालवावी लागेल."

सुरेखा आत गेली. हात धुतल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली आणि आमच्या खऱ्या गाडीची किल्ली तिने कीबोर्डवर ठेवली.

"आखाजी आलीय," ती म्हणाली. "अक्कांना घेऊन या. लगेच घरी आणलंच पाहिजे असं नाही, फिरवा जरा. मी तवा ठेवते हॉर्न वाजला की. आणि हे बघा, त्या गाडीत ब्रेक पायाशीच असतो."